सांडायच्या आधीचं पाणी

अनुवाद करताना अवघड शब्द फारसा त्रास देत नाहीत, ते कोशात सापडतात. छळतात ते सोपे. मागच्या हिवाळ्यात एका इंग्रजी कादंबरीवर काम करत होते, तेव्हा अशाच एका शब्दापाशी माझी गाडी चार दिवस अडून राहिली. शब्द होता 'ड्यूई-आइड'. ड्यू म्हणजे दव, आय म्हणजे डोळा. ज्याच्या डोळ्यांत दव आहे असा, किंवा अशी. पहिलीतलं पोरही सांगेल.

कादंबरीत हा शब्द तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा त्याची चव वेगळी होती. पहिल्या वेळी एक म्हातारी जुनी ट्रंक उघडते, गेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट हाताला लागतो आणि ती ड्यूई-आइड होते. 'तिचे डोळे पाणावले' असं लिहून मी पुढे गेले. दुसऱ्या वेळी एक मुलगी नोकरीच्या पहिल्या दिवशी कचेरीच्या दारात उभी असते, ड्यूई-आइड. ती रडत नाहीये. तिला कोणी काही बोललेलंही नाही. ती फक्त नवी आहे, जग अजून तिच्या अंगाला लागलेलं नाही. इथे 'पाणावले' लिहिलं असतं तर वाचकाने विचारलं असतं, हिला काय झालं? तिसरी जागा सगळ्यात वाईट होती. ती शेवटी सांगते.

आईला फोनवर शब्द सांगितला तर तिला 'धुई' ऐकू आलं. आई कोकणातली, धुई म्हटलं की तिला आंब्याचा मोहर करपलेला दिसतो. "डोळ्यांत धुई? मोतीबिंदू असेल गं तो," म्हणाली. मी हसले खरी, पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मोतीबिंदू हाही डोळ्यातला थेंबच. मोत्याचा.

इंग्रजी कोश या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी बसवतात: भावनेने, विशेषतः जुन्या आठवणींनी डोळे ओलावलेला, आणि भोळा, चटकन विश्वास ठेवणारा. वर्तमानपत्रांत गेलात तर तिसरा रंग दिसतो. तिथे हा शब्द बहुतेक वेळा नाकारण्यासाठीच वापरतात. 'या कराराबद्दल मी काही ड्यूई-आइड नाही,' असं पुढारी सांगतात, म्हणजे मला दुनियादारी कळते, मी काल जन्मलेलो नाही. लहान मुलाच्या फोटोखाली जो शब्द कौतुकाचा, तोच अर्थसंकल्पाच्या चर्चेत शिवीच्या अंगाने जाणारा. अलीकडे तो सौंदर्यप्रसाधनांतही शिरलाय; पार्लरमध्ये 'ड्यूई लुक' मागितला की चेहरा ओलसर चमकेल असा मेकअप करून मिळतो. तिकडे मी वळले नाही.

घडण मात्र आपल्या ओळखीची आहे. दव आहे डोळ्यांत ज्याच्या तो: हा सरळसरळ बहुव्रीही. मृगाक्षी, मीनाक्षी, कमलनयन या घरातलाच. गंमत म्हणजे पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनी या समासाचं नावही संस्कृतातूनच उचललं. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत 'बहुव्रीही' असंच छापलेलं असतं. इंग्रजीत या घरात बरीच माणसं राहतात. डोळ्यांत तारे असलेला तो स्वप्नाळू, हरिणीचे डोळे असलेली ती टपोऱ्या काळ्या डोळ्यांची, डोळ्यांची काच झालेला तो शून्यात बघणारा. ग्रीकांचा होमर तर हेरा देवीला गायीच्या डोळ्यांची म्हणतो. आपल्याकडे 'गरीब गाय' म्हटलं की जी मूर्ती उभी राहते तिच्याशी हेराचा काडीचा संबंध नाही. ती नवऱ्यावर डूख धरणारी राणी आहे. तेव्हा डोळ्यांच्या उपमा एका भाषेतून दुसरीत नेताना सांभाळूनच न्याव्या लागतात.

दव म्हणजे नक्की काय, तिथून सुरुवात करावी म्हणून वाचत गेले आणि विल्यम चार्ल्स वेल्स भेटला. जन्म १७५७ चा, अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा, आईवडील स्कॉटिश. पुढे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉक्टर. या माणसाने १७९२ साली एक निबंध छापला: डोळे दोन असून वस्तू एकच का दिसते? आणि १८१४ साली दुसरा: दव कशाने पडतं? तो १८१७ साली वारला आणि पुढच्याच वर्षी हे दोन्ही निबंध एका पुस्तकात बांधून निघाले. एकाच पुठ्ठ्याच्या आत डोळा आणि दव! मी खुर्चीतून उठून अंगणात एक चक्कर मारून आले.

त्याचा डोळ्याचा निबंध कळायला दुर्बीण पुरते. दुर्बिणीला नळ्या दोन, पण नीट जुळवून पाहिलं की गोल एकच दिसतो, आणि तोही कुठल्याच डोळ्यासमोर नाही, मधोमध. आपल्या दोन नजरा जणू नाकाच्या मुळाशी असलेल्या एकाच डोळ्यातून निघतात, असं आपल्याला भासतं. वेल्सने हे साध्या प्रयोगांनी मांडलं.

दवाचा निबंध मात्र एखाद्या रहस्यकथेसारखा आहे. तेव्हा पंडितांत दोन तट होते. एक म्हणे दव आकाशातून पडतं, दुसरा म्हणे जमिनीतून वर येतं. (आपण अजूनही 'पडलं'च म्हणतो.) तब्येत धड नसताना वेल्स लंडनजवळच्या सरे परगण्यातल्या एका बागेत रात्री जागून प्रयोग करत राहिला. त्याने लोकरीचे छोटे पुंजके घेतले, प्रत्येकी दहा ग्रेन वजनाचे, म्हणजे एक ग्रॅमही नाही. चार खांबांवर एक फळी आडवी ठेवली. एक पुंजका फळीच्या वर, एक फळीच्या पोटाशी. सकाळी तोलून पाहिलं तर वरचा खालच्यापेक्षा कितीतरी जड. मग दव वरून पडतं म्हणायचं का? थांबा. त्याने थर्मामीटर गवतावर ठेवला आणि एक वर हवेत टांगला. निरभ्र रात्री गवत हवेपेक्षा थंड असायचं, आणि दव दिसायच्या आधीपासूनच थंड असायचं. ढग आले की हा फरक घटायचा. मग त्याने चार काटक्या रोवून गवतावर सहा इंचांवर एक पातळ रुमाल ताणून बांधला. रुमालाखालचं गवत उघड्या गवतापेक्षा उबदार निघालं.

म्हणजे झालं असं: उघड्या आभाळाखाली पडलेली वस्तू रात्रभर आपली उष्णता आभाळाला देत बसते. मध्ये ढग, झाडाची फांदी, रुमाल, काहीही आलं की ही गळती कमी होते. नाही आलं तर वस्तू शेजारच्या हवेहून थंड होते, आणि मग त्या हवेतलीच वाफ तिच्या अंगावर पाणी होऊन बसते. दव पडत नाही, उगवतही नाही. ते जिथल्या तिथे जमतं. रोपांवर माळी पातळ चटया पसरतात, त्याला आपण अर्धवट ज्ञानाच्या तोऱ्यात हसत होतो, अशी कबुलीही वेल्सने त्या निबंधात दिली आहे. असा शास्त्रज्ञ मला फार आवडतो. रॉयल सोसायटीने या कामासाठी त्याला रम्फर्ड पदक दिलं.

आता गंमत पुढे आहे. पहाटे शेतावर गेलात तर गवताच्या पात्यावर बारीक धुरकट ओल असते, ते दव. पण पात्याच्या अगदी टोकावर मण्यासारखा टपोरा थेंब लटकलेला असतो, तो बऱ्याचदा दव नसतोच. रात्री मुळांनी ओढलेलं पाणी पानाच्या कडेच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं, तो झाडाचा स्वतःचा थेंब. आपल्या शेतकऱ्याला हा आतल्या-बाहेरच्या पाण्याचा मेळ चांगला ठाऊक आहे. हरभऱ्याच्या पानांवरची लव आम्लाचा पाझर सोडते. तो पहाटेच्या दवात मिसळला की त्याला आंब म्हणतात. संध्याकाळी पिकावर स्वच्छ धोतर अंथरायचं, उजाडायच्या आत उचलून पिळायचं, बाटलीत भरायचं आणि पोट बिघडलं की काढायचं. हरभऱ्याचा कोवळा पाला तोंडात टाकला की जो आंबटपणा जिभेला लागतो, तो हाच.

डोळ्यातलं पाणी हवेतून येऊन बसत नाही, ते आतूनच येतं. तेव्हा ज्याने कोणी डोळ्यांत पहिल्यांदा दव पाहिलं, त्याने खरं तर गवताच्या टोकाचा थेंब पाहिला होता. शास्त्र काटेकोर पाळायचं तर उपमा हरभऱ्याची द्यायला हवी. पण 'हरभराक्षी' कोण म्हणवून घेईल?

हे वाचल्यावर मी खिडकीशी आरसा घेऊन बसले. तुम्हीही बसा. चेहरा उजेडाकडे करा आणि बुबुळात नीट बघा: खिडकीचे गज, बाहेरची इमारत, सगळं बाहुलीएवढं होऊन तिथे दिसेल. हा आरसा बुबुळाचा नाही, त्याच्यावर पसरलेल्या पाण्याचा आहे. या पाण्याचा थर साधारण तीन मायक्रोमीटर जाड, केसाच्या जाडीचा विसावा भागही नाही. त्यात खाली चिकट द्रव, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा पापुद्रा. तेल नसतं तर पाणी केव्हाच उडून गेलं असतं. दर चार-पाच सेकंदांनी पापणी मिटते आणि शेणसारवण करावं तसा हा थर पुन्हा सारखा करते. डोळ्यात शिरणारा उजेड सर्वांत जास्त वळतो तो इथेच, हवा आणि हे पाणी जिथे भेटतात तिथे. आयुष्यात आपण जे जे पाहिलं, ते सगळं अश्रूतून पाहिलं. कोरड्या डोळ्याने बघणं असं काही नसतंच.

आता खालच्या पापणीच्या काठाकडे बघा. तिथे पाण्याची एक बारीक चकाकती रेघ दिसेल. पापणी न मिटता वीस सेकंद थांबा. आधी चुरचुरतं, मग ती रेघ फुगायला लागते. एरवी एका डोळ्यात सगळं मिळून साधारण सात मायक्रोलिटर पाणी असतं. औषधाच्या बाटलीतून पडणाऱ्या एका थेंबाचा सातवा भाग. डोळ्याची वाटी फार तर तीस मायक्रोलिटर धरते. म्हणूनच डॉक्टरांनी सांगितलेला एक थेंब डोळ्यात घातला की अर्धा गालावर येतो. चूक आपल्या हाताची नसते.

सात आणि तीस यांच्या मधलं हे जे अंतर आहे, जिथे डोळा भरलाय पण सांडला नाही, तेच ड्यूई-आइड या शब्दाचं राहतं घर. अर्ध्या थेंबाचीही ही जागा नाही. आणि त्या जागेत मराठीने काय काय मांडून ठेवलंय पाहा: डोळे ओलावतात, पाणावतात, डोळ्यांत पाणी तरळतं, डोळे भरून येतात, डबडबतात. डबडबले म्हणजे आणखी एक टिपूस आला तर गेलंच. त्याच्या पलीकडे ओघळणं, टपकणं, घळाघळा वाहणं, पण तो दुसरा प्रांत. तरळणं आणि डबडबणं यांत किती मायक्रोलिटरचा फरक असेल, हे कोणी मोजलं असेल असं वाटत नाही. आपल्या आज्या मात्र तो अचूक पाळायच्या.

भरलेला डोळा का चमकतो, याचं उत्तरही त्या काठच्या रेघेत आहे. ती फुगली की तिला बाक येतो आणि तो बाक उजेडाचा आणखी एक ठिपका पकडतो. चित्रकार हे केव्हापासून जाणतात. व्हर्मीरच्या मोत्याच्या डूलवाल्या मुलीच्या बुबुळांतून पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके काढून घ्या, ती मुलगी विझेल. आपल्या सिनेमावाल्यांनी ग्लिसरीनने तेच साधलं, इतकं की खोट्या रडण्याला मराठीत 'ग्लिसरीन'च म्हणायला लागले.

भावनेच्या अश्रूंबद्दल वाचायचं तर डार्विनला टाळता येत नाही. १८७२ सालच्या भावनांच्या आविष्कारावरच्या त्याच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. त्याचं एक बाळ सत्त्याहत्तर दिवसांचं होतं. डार्विनच्या कोटाची बाही चुकून बाळाच्या उघड्या डोळ्याला घासली. त्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. बाळाने आकांत मांडला, तरी दुसरा डोळा जवळपास कोरडाच. बाप म्हणून तो कळवळला असेलच. पण निरीक्षकाने नोंद केली. घरात तान्हं असेल तर तुम्हीही पाहिलं असेल, पहिल्या काही आठवड्यांत बाळ बेंबीच्या देठापासून रडतं, पण गालावर अश्रू नसतो. डोळा ओला ठेवण्यापुरतं पाणी असतं, दुःखाचं पाणी नंतर येतं. (वेल्स इथेही हजर आहे. डोळा आणि दवाच्या त्या पुस्तकात त्याचा त्वचेच्या रंगाबद्दलचा जो मजकूर जोडला होता, त्यात नैसर्गिक निवडीची कल्पना आधीच येऊन गेली होती, हे डार्विनने 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पुढच्या आवृत्तीत मोकळेपणाने मान्य केलं.)

मग निष्पाप डोळे म्हणजे बाळाचे डोळे, ते कशामुळे? आकारामुळे. जन्मतः डोळ्याची लांबी सोळा-सतरा मिलिमीटर असते, मोठेपणी चोवीस. शरीर कितीतरी पटींनी वाढतं, डोळा जेमतेम दीडपट. म्हणून लहान चेहऱ्यात तो मोठा दिसतो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक कोनराड लोरेन्झ याने १९४३ साली मांडलं की मोठं डोकं, उंच कपाळ आणि खाली सरकलेले टपोरे डोळे दिसले की आपल्यात माया जागी होते, मग ते पोर माणसाचं असो की कुत्र्याचं. त्याच्या एक वर्ष आधी डिस्नेचा 'बॅम्बी' येऊन गेला होता, हरणाच्या पाडसाचा. जपानचा चित्रकथाकार ओसामु तेझुका त्या सिनेमावर इतका लुब्ध होता की त्याने तो ऐंशीहून अधिक वेळा पाहिला. जपानी कार्टूनमधले ते बशीएवढे डोळे आपल्या मुलांच्या टीव्हीवर येण्यामागे या वेडाचाही हात आहे.

हे सगळं कळलं तरी माझं कोडं तसंच होतं. निष्पाप डोळा मोठा असतो, मान्य. भावनेने भरलेला डोळा ओला असतो, तेही मान्य. पण तान्ह्याचा डोळा तर अश्रूंना कोरडा. मग इंग्रजीने या दोघांना एका शब्दात का कोंबलं?

उत्तर मिळालं ते शेजारच्या काकूंकडून, आणि त्यांना पत्ताही नाही. त्यांचा मुलगा दुकान बदलायचं म्हणत होता. काकू म्हणाल्या, "ओठावरचं दूध वाळलं नाही अजून, आणि मला धंदा शिकवतो." मी जिन्यातच थांबले. ओठावरचं दूध! नवखेपणाला मराठीतही ओलच लागते. इंग्रजीतही कच्च्या माणसाला 'कानामागे अजून ओला' म्हणतात. जे नुकतं जन्मलं ते ओलं असतं: वासरू, पान, लिंपलेली भिंत, पहाट. वाळायला वेळ लागतो. इंग्रजीने ती ओल डोळ्यांत पाहिली, आपण ओठांवर. डोळ्यांत आधीच आठवणींचं पाणी होतं, तिथे नवेपणाची ओल येऊन मिसळली, आंबेसारखी.

मराठीत तसं मिसळणं शक्यच नव्हतं, कारण आपल्याकडे डोळ्यांतल्या पाण्याला आणखी एक मालक आहे. 'पाणीदार डोळे' म्हटलं की भोळेपणा शंभर कोस पळतो. पाणीदार तलवार असते, घोडा असतो, मोती असतो; पाणी म्हणजे तेज, धमक. कचेरीच्या दारातली ती मुलगी मी पाणीदार डोळ्यांची केली असती, तर दुसऱ्या दिवशी तिने साहेबाची खुर्ची घेतली असती. आणि दव? द्राक्षबागायतदाराला विचारा. वेलींवर दव राहिलं की त्याच्या पोटात डाउनी या बुरशीरोगाच्या धास्तीने गोळा येतो. इंग्रजीत बुरशीला म्हणतात त्या 'मिल्ड्यू'मध्येही एक ड्यू बसलेला आहे. त्या शब्दाचा मूळ अर्थ होता मधाचं दव. इतका गोड शब्द कुठे जाऊन पोचला पाहा.

तेव्हा त्या मुलीला मी 'कोवळ्या नजरेची' केली. डोळा सोडला, नजर धरली.

राहिली तिसरी जागा. बंदरावर एक आई मुलाला निरोप देते आहे. मुलगा सांगतो, दर आठवड्याला पत्र लिहीन. वाचकाला माहीत असतं की तो लिहिणार नाही, मुलालाही बहुधा माहीत असतं. आई त्याच्याकडे बघते, ड्यूई-आइड. इथे लेखकाने दोन्ही अर्थ एकाच वेळी वाजवले होते, ओलावाही आणि भाबडेपणाही, आणि मला दोन्हींपैकी एकही सोडवेना. शेवटी लिहिलं: 'तिचे डोळे डबडबले. तिला ते सगळं खरं वाटत होतं.'

संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहून पाठवलं, 'मुळात एक शब्द आहे, तुमची दोन वाक्यं झाली.' मी त्याखाली 'हो' लिहिलं आणि पानं परत पाठवली.